तिसरीचा जिल्हा, चौथीचा राजा

कराडच्या कुठल्याही मराठी शाळेत पाचवीच्या वर्गाला विचारून पाहावे, तिसरीला परिसर अभ्यासात काय होते? मुले एकमेकांकडे बघतात. कुणी सातारा जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांची नावे सुरू करते आणि सहा-सात झाल्यावर अडखळते. मग विचारावे, चौथीला काय होते? वर्गाचा आवाजच बदलतो. रायरेश्वराची शपथ, प्रतापगड, पन्हाळ्याचा वेढा, आग्र्याहून सुटका; सांगायला निम्मा वर्ग उभा राहतो. दोन्ही पुस्तके बालभारतीचीच, विषय एकच, पुष्कळदा शिकवणाऱ्या बाईही त्याच. तरी एक पुस्तक मुलांच्या अंगात मुरते आणि दुसरे परीक्षेबरोबर संपते.

लहान मुलांना समाज, इतिहास, भूगोल आणि नागरिकत्व कसे शिकवावे यावर गेली ऐंशी-नव्वद वर्षे जगभर वाद चालू आहे. त्या वादाच्या दोन्ही बाजू आपल्याकडे या दोन इयत्तांत वाटल्या गेल्या आहेत. तिसरीच्या पुस्तकात जागा आहे, गोष्ट नाही. चौथीच्या पुस्तकात गोष्ट आहे. पण ती मुलाच्या पायाखालच्या जमिनीशी जोडलेली नाही आणि ती कशावरून कळली हे मुलाला कुणी सांगत नाही. दोन्ही एकत्र आणणे शक्य आहे, आणि कराडसारख्या गावात त्यासाठी लागणारे सारे साहित्य शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, असे माझे मत आहे.

ही मांडणी आली कुठून, ते आधी पाहू. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र अशा वेगळ्या चुली न मांडता सामाजिक अभ्यास हा एकच विषय ठेवला होता. घर, गाव, स्वच्छता, हाताचे काम हे तर त्यात होतेच. पण आदिमानवाची गोष्ट, प्राचीन काळच्या दूरदेशीच्या माणसांच्या गोष्टी, वाळवंटात आणि बर्फात राहणाऱ्या लोकांच्या गोष्टीही अगदी खालच्या इयत्तेत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला जवळचे आणि दूरचे एकदमच हवे असते, हे त्या समितीने ओळखले होते. पुढे ही दृष्टी मागे पडली.

तिच्या जागी आली ती वर्तुळांची मांडणी. आधी मूल आणि त्याचे कुटुंब, मग शाळा, मग गल्ली-गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश, शेवटी जग. अमेरिकेत पॉल हॅना या शिक्षणतज्ज्ञाने ती पाठ्यपुस्तकांतून घट्ट रुजवली आणि तिथून ती जगभर गेली. आपल्याकडे १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास हा विषय सुचवला: पहिली-दुसरीला एकत्र, तिसरीपासून विज्ञान आणि समाज अशा दोन अंगांनी. २००५ च्या आराखड्याने ही दोन अंगे पुन्हा जोडायला सांगितली. २७ जानेवारी १९६७ ला स्थापन झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, तिसरीला ज्याच्या त्याच्या जिल्ह्याचे पुस्तक दिले. कल्पना फार चांगली होती. सोलापूरच्या मुलाला सोलापूर आणि साताऱ्याच्या मुलाला सातारा शिकायला मिळावा, ही काळजी थोड्या राज्यांनी घेतली असेल.

वर्तुळांच्या या मांडणीवर सर्वांत नेमका हल्ला कॅनडातले किएरन ईगन यांनी केला. त्यांचे म्हणणे साधे आहे. पाच-सात वर्षांच्या मुलाचे मन जवळच्यापासून दूरच्याकडे पायरी-पायरीने जात नाही. त्याला राक्षस कळतो, परी कळते, वनवासाला निघालेला राम कळतो. यांतले काहीही त्याच्या गल्लीत नसते. शूर आणि भित्रा, न्याय आणि अन्याय, लबाडी आणि भोळेपणा या जोड्या त्याला घट्ट कळतात आणि त्यांच्या आधाराने ते कुठल्याही काळात, कुठल्याही देशात शिरू शकते. मग त्याला कुटुंबात कोण कोण असते आणि पोस्टमन काय करतो, हेच पुन्हा पुन्हा का सांगायचे? ते तर त्याला ठाऊकच असते. अमेरिकेत डायन रॅविच यांनीही हीच तक्रार केली, की अशा धड्यांत मुलाला नवे काहीच मिळत नाही.

आपली चौथी हा ईगन यांच्या बाजूचा पुरावा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला साडेतीनशे वर्षांपूर्वीचे राजकारण कळते, वतने कळतात, तह कळतो, कारण ते गोष्टीतून येते.

तरी मी ईगन यांच्याबरोबर सगळी वाट चालणार नाही. जवळचे ठाऊक असते, हे अर्धेच खरे. कराडच्या मुलाला प्रीतिसंगम ठाऊक असतो. तिथली भेळ ठाऊक असते, बाग ठाऊक असते, यशवंतराव चव्हाणांची समाधी ठाऊक असते. पण कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात, हे दृश्य नदीच्या नेहमीच्या संगमापेक्षा वेगळे आहे, हे त्याच्या लक्षात आलेले नसते. उगमाकडून येणारी कृष्णा कुठली आणि कोयना कुठली हे घाटावर उभे राहून दाखवायला सांगितले तर मोठी माणसेही चुकतात. रोज दिसणारी गोष्ट पाहिलेली असतेच असे नाही. जपानने हे ओळखून १९८९ च्या अभ्यासक्रमात पहिली-दुसरीचे विज्ञान आणि सामाजिक अभ्यास दोन्ही काढून टाकले आणि त्या जागी जीवन-परिसराचा एकच विषय आणला. १९९२ पासून तो शाळांत सुरू झाला. त्यात मुले आपल्या वस्तीत फिरतात, दुकानदारांशी बोलतात, परत येऊन जे पाहिले त्याचा नकाशा काढतात. तिसरीत मग गावाचा नीट अभ्यास सुरू होतो. तिथे परिसर हा धडा नसतो, मुलाने करायचे काम असते. आपल्याकडे मात्र परिसर अभ्यासाच्या तासाला मुले परिसराकडे पाठ करून बसतात आणि फळ्यावरचे प्रश्नोत्तर वहीत उतरवतात.

आता जिल्ह्याचीच गोष्ट घेऊ. तिसरीच्या मुलाला सातारा जिल्ह्याचा नकाशा दिला जातो. त्यात कराड दक्षिणेच्या टोकाला, आणि त्याच्या खाली रेघ. रेघेपलीकडे सांगली जिल्हा, म्हणजे 'शेजारचा जिल्हा'. मुलाची मावशी वाळव्याला असते, आजोळ शिराळ्याला असते, आणि तीच कृष्णा पुढे सांगलीला जाते. ही रेघ आली कधी? १९४९ मध्ये मोठ्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि नोव्हेंबर १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. यशवंतराव चव्हाण जन्मले १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्र्यात, शिकले कराडच्या टिळक हायस्कुलात. त्यांच्या जन्माच्या वेळी देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. आठ वर्षांच्या मुलाला हे सांगितले की त्याला एक मोठी गोष्ट कळते: नदी आणि डोंगर आपोआप आहेत, जिल्हा माणसांनी ठरवला आहे, आणि माणसांनी ठरवलेले माणसे बदलू शकतात. पुढे नागरिकशास्त्रात जे जे येणार आहे त्याचा पाया इतकाच आहे. जिल्ह्याच्या पुस्तकातली सीमारेषा पाठ करायला दिली तर हा पाया घातलाच जात नाही.

रेघेची दुसरी अडचण ऊसतोडीच्या मुलांची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला यशवंतनगरच्या सह्याद्री आणि रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याच्या परिसरात बीड आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. बरोबर मुले येतात. साखरशाळा झाल्या, शिक्षण हमी कार्ड आले, बालरक्षक शिक्षक पालावर जाऊन मुलांना शाळेत आणतात. हे काम मोठे आहे. पण तिसरीचे असे मूल कराड तालुक्यातल्या वर्गात बसते तेव्हा त्याने गावाकडे अर्धे शिकलेला जिल्हा वेगळा आणि समोरचे पुस्तक वेगळे. कराडच्या मुलांना ऊस माहीत असतो, साखर माहीत असते, तो तोडणारा माणूस कुठून येतो आणि का येतो हे माहीत नसते. ते मूल वर्गातच बसलेले असते. त्याला आपल्या गावाबद्दल सांगायला लावले, त्याच्या गावापासून कराडपर्यंतची वाट वर्गाने मिळून नकाशावर काढली, तर पाऊस, पाणी, मजुरी, स्थलांतर हे सारे एका तासात येते. आणि वर्षातले काही महिनेच शाळेत असणाऱ्या त्या मुलाला, आपल्याजवळ वर्गाला देण्यासारखे काही आहे, हे प्रथमच जाणवते.

चौथीच्या पुस्तकाकडे वळतो. 'शिवछत्रपती' हे पुस्तक १९७० साली आले. नंतर पुस्तके बदलली, अभ्यासक्रम बदलले, विषयाचे नाव परिसर अभ्यास भाग दोन झाले; या पुस्तकाचा गाभा मात्र टिकला. त्यात बदल करायचे विषय जेव्हा जेव्हा निघाले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते आपल्याला माहीत आहे. पाठ्यपुस्तक म्हणून त्याची बांधणी फार चांगली आहे. संतांच्या कामापासून सुरुवात, मग मराठा सरदार, मग जिजाबाईंच्या हाताखालचे बालपण, आणि पुढे एकेक प्रसंग आपल्या वजनाने उभा. वाक्ये लहान, माणसे ठळक. मराठीत मुलांसाठी इतिहास कसा लिहावा याचा तो धडा आहे.

शेजारच्या कोल्हापुरातल्या प्राथमिक शाळांत व्हेरोनिक बेनेई या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बराच काळ बसून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २००८ साली इंग्रजीत आले. परिपाठातली प्रार्थना, प्रतिज्ञा, रांगेत उभे राहणे, मातृभाषेतला बाईंचा आवाज आणि शिवरायांची गोष्ट या सगळ्यांतून मुलाच्या शरीरात आणि भावनेत राष्ट्र कसे उतरते, ते त्यांनी दाखवले. बाहेरच्या माणसाला हे दिसले, आपल्याला दिसत नाही, कारण आपण सगळे त्याच परिपाठाला उभे राहिलो आहोत. त्यांच्या मांडणीतली सगळी चिंता मला मान्य नाही. मुलाला आपल्या भूमीबद्दल प्रेम वाटावे यात गैर काही नाही, आणि प्रेमाशिवाय मूल काही शिकतही नाही. पण या पुस्तकातून मूल इतिहासाची ओढ घेते आणि 'हे कशावरून?' हा इतिहासाचा पहिला प्रश्न न विचारता पुढच्या वर्गात जाते, ही उणीव खरी आहे.

नऊ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न झेपतो का? झेपतो. कराडहून जवळच तळबीड आहे, हंबीरराव मोहित्यांचे गाव, आणि त्याच्या माथ्यावर वसंतगड. मुलांना गडावर न्यावे आणि गोष्ट आधी सांगू नये. इथे राहणारी माणसे पाणी कुठून आणत असतील, शत्रू कुठून येताना दिसत असेल, दगड कुठून काढले असतील, हे त्यांनीच शोधावे. मग विचारावे, हे तुम्हाला कशावरून कळले? तटावरून, टाक्यावरून, दरवाजाच्या वळणावरून. आणि इथे कोण राहत होते हे कशावरून कळले? ते दगडावरून कळत नाही. ते कागदावरून, बखरीवरून, लोकांच्या सांगण्यावरून कळते. एवढा फरक कळला तरी चौथीचे वर्ष सार्थकी लागले.

काळाचे तसेच. मुलांना सनावळ्या कळत नाहीत म्हणून इतिहास कळत नाही, असे आपण धरून चालतो. अमेरिकेत कीथ बार्टन आणि लिंडा लेव्हस्टिक यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीपासून सहावीपर्यंतच्या मुलांसमोर वेगवेगळ्या काळांतली चित्रे ठेवली आणि ती जुन्यापासून नव्यापर्यंत लावायला सांगितली. सन सांगता न येणारी लहान मुलेही कपडे, वाहने, वस्तू पाहून बरीचशी बरोबर लावत होती. काळाचा क्रम आधी येतो, आकडा मागून येतो. आपल्याकडे आकडा आधी दिला जातो.

यासाठी कराडला बाहेरून काही आणावे लागत नाही. रेल्वे स्टेशनाजवळच्या ओगलेवाडीत ओगल्यांच्या काच कारखान्यात प्रभाकर कंदील तयार होत असे. तो महाराष्ट्रभर घरोघर होता. कराड भागातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर तो अजून सापडेल. तेलाची चिमणी, प्रभाकर कंदील, पिवळा बल्ब, ट्यूबलाइट, एलईडी ही रांग वर्गात टेबलावर मांडली की तिसरीच्या मुलासमोर शंभर वर्षे उभी राहतात. मध्येच प्रश्न येतो, कंदील जाऊन बल्ब का आला? उत्तर कोयनेत आहे. धरण, वीज, आणि धरणासाठी उठलेली गावे. पाण्यात गेलेल्या गावांतली माणसे कुठे गेली, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. त्यांना दुसऱ्याचे घर गेले की लगेच कळते.

आणि कोयना म्हटली की ११ डिसेंबर १९६७. त्या पहाटेचा भूकंप कराड-पाटणकडच्या जुन्या माणसांना सनासकट आठवतो. मुलांनी घरी आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना तीनच प्रश्न विचारावेत: तुम्ही कुठे होता, काय केलेत, घराचे काय झाले. दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तरे जमतील आणि ती एकमेकांशी जुळणार नाहीत. कुणी म्हणेल आवाज आधी झाला, कुणी म्हणेल हादरा आधी. कुणी म्हणेल महिनाभर अंगणात झोपलो, कुणी म्हणेल दोन रात्री. सगळ्यांची आजी खरे बोलते, मग असे का? इतिहासकाराला आयुष्यभर पुरणारा प्रश्न इथे चौथीच्या वर्गात, ओळखीच्या माणसांच्या तोंडून येतो. यासाठी कुठलेही साहित्य, अनुदान, परवानगी लागत नाही.

कराडचे वयही मुलांना सांगण्यासारखे आहे. आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी, पंताच्या कोटातली नकट्या रावळ्याची विहीर, मनोऱ्यांची मशीद, कृष्णामाईचे देऊळ, खोडशीचा बंधारा: चार दिशांना चार काळ उभे आहेत. या गावात निरनिराळ्या धर्मांची, निरनिराळ्या राजवटींची माणसे एकामागून एक आणि पुष्कळदा एकाच वेळी राहिली, हे व्याख्यान न देता, नुसते चालत नेऊन कळते.

सगळ्यांत दुबळा भाग नागरिकशास्त्राचा आहे, आणि इथे मला अधिक थांबायचे आहे. लहान मुलांसाठी तो बहुधा आपले मदतनीस या स्वरूपात येतो. शेतकरी अन्न पिकवतो, कुंभार मडकी करतो, सफाई कामगार गाव स्वच्छ ठेवतो. वाक्य निरुपद्रवी दिसते. पण वर्गात त्या त्या घरची मुले बसलेली असतात, आणि कुठल्या कामाच्या नावावर वर्गाच्या नजरा कुणाकडे वळतात, हे प्रत्येक अनुभवी शिक्षकाला माहीत असते. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिले आले. शाळाशाळांतून त्याचा अभिमान सांगितला गेला, सांगावाच. त्यातच विचारता येते: घंटागाडी पहाटे किती वाजता निघते, तीवर कोण असते, हातमोजे असतात का, ओला कचरा पुढे कुठे जातो, गाडी आली नाही तर सांगायचे कुणाला? शेवटच्या प्रश्नात नगरपरिषद आली, प्रभाग आला, निवडणूक आली. मधल्या प्रश्नांत एक माणूस आला, आणि तो मदतनीस नव्हे, हक्क असलेला माणूस म्हणून आला.

सातारा जिल्ह्याजवळ याहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती आपण मुलांना सांगत नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळांत भाषणे होतात. पण पुढच्याच उन्हाळ्यात जे घडले ते कराड तालुक्यात घडले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला ही मुले, भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे, साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी मायेने बोलले. जात कळताच आपल्या खोलीत निघून गेले. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. बरोबर जेवण होते, प्यायला पाणी मिळाले नाही, आणि पाण्यावाचून जेवण तसेच राहिले. बाबासाहेबांनी हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिले आहे. ती पुस्तिका १९९० मध्ये प्रसिद्ध झाली.

हा प्रवास करणारा मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता, म्हणजे चौथीच्या मुलाएवढा. स्टेशन आजही तिथेच आहे. तहान प्रत्येक मुलाला कळते. ईगन यांना हवी असलेली न्याय-अन्यायाची गोष्ट आणि वर्तुळवाद्यांना हवा असलेला परिसर, दोन्ही मसूरच्या फलाटावर एकत्र येतात. तरी ही गोष्ट वर्गात येत नाही, कारण शिक्षकांना धास्ती वाटते. पालक काय म्हणतील, गावात तेढ होईल का, वर्गातल्या एखाद्या मुलाला ओशाळे वाटेल का. धास्ती पोकळ नाही. म्हणून ती कशी सांगावी याचा विचार हवा. सुरुवात तहानेपासून करावी, जातीच्या नावापासून नको. मुलांना त्या गाडीत बसू द्यावे. मग स्टेशनमास्तर, गाडीवाला, वाटेतली माणसे यांतल्या प्रत्येकाला त्या दिवशी आणखी काय करता आले असते, हे मुलांनी सांगावे. कुणाच्या पणजोबांचा न्याय करायला बसू नये. शेवटी आपल्याच शाळेच्या पाण्याच्या टाकीकडे आणि पोषण आहाराच्या पंगतीकडे बघावे: इथे कोण वाढते, कोण कुणाशेजारी बसते, कुणी एकटे बसते का? मुले या प्रश्नांची उत्तरे मोठ्यांपेक्षा सरळ देतात.

ज्यांनी हे जगून दाखवले ते याच मातीतले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे साताऱ्याला काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत; १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले होते. तिथले नागरिकशास्त्र वहीत लिहायचे नव्हते. नंतरच्या काळात फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे केले, कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. या शाळांतली मुले बाजारात जातात, कारागिरांशी बोलतात, परत येऊन स्वतःच्या भाषेत लिहितात. कराडपासून दोन्ही ठिकाणे काही तासांच्या अंतरावर आहेत. तरी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांपुढे त्यांचे नाव काढले की ऐकू येते, 'त्यांचं वेगळं आहे.'

हे उत्तर समजून घ्यायला हवे, झटकून टाकायला नको. पाटणच्या खोऱ्यातल्या किंवा कराडच्या डोंगरी भागातल्या द्विशिक्षकी शाळेत एका बाईंकडे दोन-तीन इयत्ता एकाच वेळी असतात. त्यात माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी, सर्वेक्षणे. बदलीने आलेल्या शिक्षकाला गावच नवे असते. ज्या परिसराचा अभ्यास घ्यायचा तो त्याने पाहिलेला नसतो. मुलांना नदीकाठी न्यायचे तर जबाबदारी एकट्याची. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात ही भीती साधी नाही.

शिवाय हा विषय मोजला जात नाही. प्राथमिक शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता आहे. परिसर अभ्यास नाही. २०२१ पासूनच्या निपुण भारत मोहिमेचा सगळा जोर वाचन आणि अंकज्ञानावर आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीचे आकडे वर्तमानपत्रांत गाजतात, तेही वाचन आणि गणिताचेच. मुलाला वाचता आलेच पाहिजे, यात वाद नाही. पण वाचायचे काय? ज्या मुलाला धरण, वेढा, मजुरी, पंचायत यांतले काही माहीत नाही, त्याला शब्द वाचता येतात आणि मजकूर कळत नाही. परिसर अभ्यास कापून भाषेला दिलेला तास भाषेलाही पुरता लाभत नाही. शहरातल्या इंग्रजी शाळांचे दुखणे आणखी वेगळे: तिथल्या खाजगी पुस्तकांत गावच नसते, कुठल्याही शहराला चालेल असे गुळगुळीत शहर असते.

आता पुस्तके पुन्हा बदलत आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तिसरी ते पाचवीसाठी 'आपल्या सभोवतालचे जग' असा एकच विषय ठेवला आहे आणि सामाजिक शास्त्र सहावीपासून सुरू केले आहे. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायचे ठरवले. पहिली २०२५-२६ मध्ये, दुसरी, तिसरी आणि चौथी त्यानंतरच्या वर्षी. या फेरबदलात जिल्ह्याचे पुस्तक आणि शिवरायांची गोष्ट दोन्ही राहिली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. जिल्ह्याच्या पुस्तकात माणसे आली पाहिजेत: गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ऑलिम्पिकचे कांस्यपदक आणले, ते तिसरीच्या मुलाला खिंडीच्या आणि नदीच्या नावांआधी भेटले पाहिजेत. आणि शिवरायांच्या प्रत्येक पाठाखाली रिकाम्या जागा भरा याऐवजी 'हे आपल्याला कशावरून कळते?' एवढा एक प्रश्न छापला पाहिजे.

पुस्तकाची वाट पाहावी लागेल. एक काम मात्र तालुक्यातच होऊ शकते. प्रत्येक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिच्यातला एखादा तास परिसराच्या वहीला द्यावा. आपल्या केंद्रातल्या दहा-बारा गावांत काय पाहण्यासारखे आहे, कोणाशी बोलता येईल, कुठल्या ऋतूत जावे, कुठे पाणी खोल आहे, कुठल्या गोष्टीला दोन बाजू आहेत, हे त्यात लिहावे. बदलून जाणाऱ्या शिक्षकाने ती वही मागे ठेवावी, नव्याने येणाऱ्याने आधी वाचावी. कराड तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांनी हे एक वर्ष केले तर कुठल्याही मंडळाला पुण्यात बसून लिहिता येणार नाही असे पुस्तक तयार होईल. सुरुवात १९६७ पासून करावी. त्या पहाटे जे वीस वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या जवळ आले आहेत, आणि चौथीच्या मुलांनी त्यांना विचारायचे ते या वर्षीच विचारायला हवे.